बंद पेटीतला इतिहास: कुलवंत रॉय यांच्या निगेटिव्ह आणि वारसांचे काम

१९६०च्या दशकाच्या आरंभी दिल्लीत एक नामांकित छायाचित्रकार शहरातील उकिरडे आणि कचराकुंड्या धुंडाळत फिरत असे. त्याला हवी होती स्वतःच्याच हाताने पत्ता लिहिलेली काही पाकिटे. तीन वर्षे जगभर हिंडून, तीसहून अधिक देशांत टिपलेल्या निगेटिव्ह तो टपालाने स्वतःच्या दिल्लीतील पत्त्यावर पाठवत राहिला होता. घरी परतल्यावर कळले की ते टपाल चोरीला गेले आहे. चोराला आत केवळ फिल्मच्या पट्ट्या दिसल्या असतील आणि त्याने त्या फेकून दिल्या असतील, एवढ्या एका आशेवर हा शोध कित्येक वर्षे चालला. हाती काहीच लागले नाही.

त्या छायाचित्रकाराचे नाव कुलवंत रॉय. हा धागा त्यांच्या हरवलेल्या निगेटिव्हपेक्षा उरलेल्या निगेटिव्हविषयी अधिक आहे. त्या पेट्यांत बंद होऊन वारशाने दुसऱ्याच्या घरी आल्या आणि जवळपास पाव शतक तशाच पडून राहिल्या.

रॉय यांचा जन्म १९१४ साली लुधियाना जिल्ह्यातला. छायाचित्रणाचे धडे त्यांनी लाहोरच्या एका स्टुडिओत गिरवले. पुढे ते रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये दाखल झाले आणि वायव्य सरहद्दीवरील कोहाट येथे विमानातून छायाचित्रे घेण्यात त्यांनी प्रावीण्य मिळवले. ती नोकरी सुटल्यावर त्यांनी दिल्लीच्या मोरी गेट भागात स्टुडिओ थाटला, आणि त्यातूनच ‘असोसिएटेड प्रेस फोटोज’ ही त्यांची छायाचित्रसंस्था उभी राहिली. (नाव सारखे असले तरी ही संस्था त्यांची स्वतःची. त्याच नावाच्या अमेरिकी वृत्तसंस्थेशी तिची गल्लत करू नये.)

त्यांच्या कॅमेऱ्यासमोरून जे गेले ते पाहिले की थक्क व्हायला होते. सरहद्द प्रांतात खान अब्दुल गफार खान यांच्यासोबतचे गांधी. रेल्वेच्या डब्यातून हात बाहेर काढून हरिजन निधीसाठी पैसे गोळा करणारे गांधी. मुस्लिम लीगच्या बैठका, कॅबिनेट मिशनच्या वाटाघाटी, १९४६च्या सिमल्यातील नेहरू आणि जिना, आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला, आणि स्वातंत्र्यानंतर उभे राहत असलेले भाक्रा धरण. एका माणसाने एका आयुष्यात इतके पाहावे, आणि तरीही इतिहासाच्या सामान्य वाचकाला त्याचे नाव ठाऊक नसावे!

याचे कारण वृत्तछायाचित्रांच्या व्यवहारात सापडते. वर्तमानपत्राकडे छापील प्रत जाई. संपादक तिच्या कडा कापून तिला स्तंभाच्या मापात बसवी, खाली नेत्याचे नाव छापी आणि छायाचित्रकाराचे नाव बहुधा गाळून टाकी. तीच प्रत पुढे पुस्तकात, तिथून दुसऱ्या पुस्तकात जाई आणि प्रत्येक मुक्कामी तिची ओळख थोडी पुसट होई. गांधी आणि जिना यांचे १९३९ मधील ते प्रसिद्ध छायाचित्र, ज्यात जिना आवेशाने काही पटवून देत आहेत, ते असंख्यांनी पाहिलेले आहे. ते कुलवंत रॉय यांचे, ही ओळख मात्र अगदी अलीकडची.

छापील प्रत आणि निगेटिव्ह यांच्यात मूळ दस्तऐवज आणि त्याची नक्कल एवढे अंतर आहे. मोडीतील मूळ पत्र आणि त्याचे छापील संपादन यांतला फरक इतिहासाच्या अभ्यासकाला सांगावा लागत नाही, तसेच हे. दृश्यावरून परावर्तित झालेला प्रकाश ज्या चांदीच्या क्षारांवर प्रत्यक्ष पडला, ते क्षार निगेटिव्हवर असतात. त्या क्षणी तिथे हजर असलेली वस्तू ती एकटीच. छापील प्रत दहा वर्षांनी काढता येते, उजळ किंवा गडद करता येते, तिच्यातून एखादा माणूस वगळताही येतो. निगेटिव्हवर तसे काही केले तर बहुधा खूण उरते.

शिवाय निगेटिव्ह एकटी नसते. ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर आधीचे चित्र असते, नंतरचे असते आणि कडेला क्रमांक छापलेले असतात. छायाचित्रकार कुठे उभा होता, कोणत्या बाजूला सरकला, कोणते चित्र फसले, हे सारे त्या क्रमात नोंदलेले राहते. हा क्रम किती बोलका असतो, हे दाखवणारे उत्तम उदाहरण स्पेन आणि मेक्सिकोतले आहे, आणि गंमत म्हणजे तोही मुळात वारशाचाच मामला आहे.

रॉबर्ट कापा, गेर्डा तारो आणि ‘चिम’ या नावाने ओळखले जाणारे डेव्हिड सेमूर या तिघांनी १९३६ ते १९३९ या काळातील स्पेनचे यादवी युद्ध टिपले. तारो १९३७ मध्ये रणभूमीवर जखमी होऊन मरण पावली. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा पॅरिसमधल्या त्यांच्या निगेटिव्ह कापा यांच्या डार्करूममधील सहकाऱ्याने शहराबाहेर काढल्या, आणि पुढे त्यांचा मागमूस लागेना. कापा १९५४ मध्ये इंडोचायनात गेले, चिम १९५६ मध्ये सुएझजवळ. आपल्या निगेटिव्हचे काय झाले, हे तिघांपैकी कुणालाही कधीच कळले नाही.

त्या निघाल्या मेक्सिको सिटीत. युद्धकाळात फ्रान्समध्ये मेक्सिकोचे राजदूत असलेले जनरल फ्रान्सिस्को आगिलार गोन्सालेस यांच्या सामानातून ती खोकी परिचितांकडे गेली आणि वारशाने एका चित्रपटकाराच्या हाती आली. पुठ्ठ्याची तीन साधी खोकी. आत १२६ रोल, सुमारे ४,५०० निगेटिव्ह. डिसेंबर २००७ मध्ये ती न्यू यॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत पोहोचली. ही संस्था स्थापणारे कॉर्नेल कापा हे रॉबर्ट यांचे धाकटे भाऊ. त्यांनी भावाच्या निगेटिव्ह पाहिल्या आणि काही महिन्यांतच, मे २००८ मध्ये, ते निवर्तले.

त्या खोक्यांत चिम यांच्या एका गाजलेल्या चित्राची निगेटिव्ह होती. गर्दीत उभी असलेली, अंगावर बाळाला पाजणारी आणि वर पाहणारी एक स्त्री. हे चित्र पुढे लोकांच्या स्मरणात राहिले ते बॉम्बफेकी विमानांकडे भयाने पाहणाऱ्या आईचे म्हणून. वस्तुतः ते युद्ध सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी, एस्त्रेमादुरा प्रांतातील जमीनवाटपाच्या एका सभेत घेतलेले आहे. ती बाई वक्त्याचे भाषण ऐकते आहे! एकटे चित्र सुटले की त्याच्याभोवती अशी कथा आपोआप उगवते. आजूबाजूची चित्रे पाहिली की सभा दिसते आणि आभाळातली विमाने नाहीशी होतात.

कुलवंत रॉय यांच्या पेट्यांकडे याच दृष्टीने पाहावे लागते. रॉय १९८४ मध्ये कर्करोगाने वारले. त्यांचा सारा संग्रह घरोब्यातील एका तरुणाकडे आला. तो तरुण म्हणजे आदित्य आर्य. इतिहासाचे पदवीधर आणि व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या आर्य यांना रॉय लहानपणापासून ठाऊक होते. याहून योग्य वारस शोधूनही सापडला नसता. तरीही पेट्या पडून राहिल्या. आर्य यांची व्यावसायिक कारकीर्द तेव्हा नुकतीच आकार घेत होती. हजारो निगेटिव्ह आणि छापील प्रती उलगडायच्या तर आयुष्याचा मोठा तुकडा बाजूला काढावा लागला असता.

या विलंबाला दोष देणे सोपे आहे, पण तो न्याय होणार नाही. ज्या घरात आजोबांच्या निगेटिव्ह माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, तिथेही हेच घडते. टाकवत नाहीत आणि पाहवतही नाहीत. आर्य यांनी त्या टाकल्या नाहीत, भंगारवाल्याला दिल्या नाहीत. आपल्याकडे जुन्या एक्स-रे फिल्मसुद्धा चांदीसाठी विकत घेतल्या जातात, हे लक्षात घेतले तर नुसते ठेवून देण्याचीही किंमत कळते.

पाव शतक लोटत आले तेव्हा, विसाव्या शतकानंतर, आर्य यांनी पेट्या उघडल्या. मग जे सुरू झाले ते निव्वळ यंत्राचे काम नव्हते. प्रत्येक चित्रातील माणूस, जागा आणि दिवस ठरवणे म्हणजे रीतसर संशोधनच. २००८ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात त्यांतील चित्रांचे प्रदर्शन भरले. २०१० मध्ये इतिहासकार इंदिवर कामतेकर यांच्यासह केलेले ‘हिस्टरी इन द मेकिंग’ हे पुस्तक आले. पुढे २०१९ मध्ये गुरुग्राम येथे आर्य यांच्याच पुढाकाराने ‘म्युझियो कॅमेरा’ हे कॅमेऱ्यांचे संग्रहालय उभे राहिले.

पाव शतकात त्या पेट्या टिकल्या, हे मात्र नशीब. निगेटिव्ह ही स्थिर वस्तू नाही, ती सावकाश चालणारी रासायनिक क्रिया आहे.

तिची रचना पाहू. खाली आधार असतो: काच किंवा प्लॅस्टिकसारखी फिल्म. त्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण. जिलेटिन बनते जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून, म्हणजे बुरशीच्या दृष्टीने ते चक्क अन्न आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेत जी ओल असते, ती या अन्नाला पुरेपूर मानवते. बुरशी लागलेले जिलेटिन पाण्यात विरघळू लागते. त्यामुळे डाग दिसला म्हणून निगेटिव्ह नळाखाली धरणे म्हणजे चित्रच धुऊन टाकणे होय.

काच फुटते, पण वाकत नाही आणि आक्रसत नाही. या अर्थाने १९०० सालची काचेची निगेटिव्ह १९६० सालच्या फिल्मपेक्षा कधीकधी अधिक निरोगी असते. तिच्यावर कडेकडेने निळसर चंदेरी झाक आलेली दिसते. ती हवेमुळे वर आलेली चांदी. दिसायला मोठी सुरेख, पण बिघाडाचीच खूण.

फिल्मची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. १८८९ पासून बाजारात आलेली पहिली लवचिक फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती, म्हणजे तोफेसाठी वापरल्या जाणाऱ्या स्फोटक कापसाची सख्खी बहीण. ती पेटली की ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, म्हणून पाण्यानेही सहज विझत नाही. हा धोका पुस्तकी नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील जुन्या प्रभात स्टुडिओच्या कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पिढीचे किती तरी श्रम त्यात गेले.

नायट्रेटच्या जागी ‘सेफ्टी’ फिल्म आली, सेल्युलोज अॅसिटेटची. ती तशी भडकत नाही, पण तिचा रोग वेगळा. उष्णता आणि ओल मिळाली की तिच्यातून अॅसेटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगर सुटू लागते. डबा उघडताच आंबूस उग्र वास येतो तो याचाच. हे आम्ल त्याच क्रियेला आणखी चालना देते, शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही बाधते. आधार आक्रसतो, वरचे जिलेटिन आक्रसत नाही, आणि मग चित्रावर ओढ्यानाल्यांच्या नकाशासारख्या सुरकुत्या उमटतात. ही क्रिया थंडाव्याने मंदावते, पण मागे कधीच फिरत नाही.

बहुतेक मराठी घरांतल्या १९५० ते १९८० या काळातील कृष्णधवल निगेटिव्ह याच अॅसिटेटच्या आहेत. लग्न, मुंज, गिरगावातली चाळ, नव्या सायकलीजवळ उभा असलेला मुलगा. फिल्मच्या कडेवर भिंगातून पाहिले तर ‘सेफ्टी’ हा छापील शब्द सहसा सापडतो. ‘नायट्रेट’ हा शब्द सापडला, किंवा पट्टी पिवळी, चिकट आणि ठिसूळ झालेली असली, तर ती बाकीच्यांपासून ताबडतोब दूर करून जाणकाराला दाखवणेच शहाणपणाचे. वास येणारी अॅसिटेट फिल्मही वेगळी ठेवावी, आणि प्रत काढण्यात पहिला क्रमांक तिचाच लावावा.

येथे डिजिटायझेशन येते. या शब्दाभोवती एक गैरसमज घट्ट बसला आहे, की प्रत संगणकात गेली म्हणजे जतन झाले. २००० नंतरच्या काही वर्षांत अनेक कुटुंबांनी जुन्या निगेटिव्ह दुकानातून सीडीवर उतरवून घेतल्या आणि मूळ पट्ट्या टाकून दिल्या. आज त्या घरांत सीडी वाचणारे यंत्र नाही, आणि असले तरी ती सीडी उघडेलच असे नाही. मूळ निगेटिव्ह मात्र खिडकीच्या उजेडात धरली की आजही दिसली असती.

डिजिटल प्रत करायची ती मुळाची हाताळणी थांबावी म्हणून, आणि मूळ उद्या नष्ट झाले तरी त्यातली माहिती उरावी म्हणून. या दुसऱ्या हेतूसाठी प्रत भरघोस लागते. ३५ मिलिमीटरच्या एका चित्राचे माप २४ गुणिले ३६ मिलिमीटर. ते दर इंचाला ४,००० बिंदू या प्रमाणात स्कॅन केले तर सुमारे २ कोटी १४ लाख बिंदूंची प्रतिमा मिळते, आणि चांगल्या भिंगाने टिपलेल्या चित्रात चांदीचा कणसुद्धा दिसू लागतो. ही मुख्य प्रत टिफ या स्वरूपात ठेवतात, कारण जेपेगमध्ये फाइल लहान करताना तपशील कायमचा गळतो. घरच्यांना पाठवायला जेपेग पुरेशी आहे. ती मुख्य प्रतीवरून हवी तेव्हा काढता येते.

स्कॅन करताना कडा कापू नयेत, हे मेक्सिकोच्या खोक्यांनी शिकवलेच आहे. चित्राचा क्रमांक, फिल्मचे नाव, कडेचा काळा भाग, सारे यावे. रिकामी आणि हललेली चित्रेही यावीत, त्याच क्रमाने. धूळ हवेच्या फुग्याने उडवावी, पट्टी कडेने धरावी, चकाकी नसलेल्या बाजूला बोट लावू नये, कारण चित्र त्या बाजूला असते. पट्टी ज्या पाकिटात होती त्या पाकिटाचाही फोटो घ्यावा. स्टुडिओचा शिक्का, पावतीचा क्रमांक, पेन्सिलीने लिहिलेला महिना, हा सगळा पुरावाच आहे.

मुख्य प्रत आणि सजवलेली प्रत वेगळ्या ठेवण्याचे महत्त्व शेरगिल कुटुंबाच्या उदाहरणातून छान उमजते. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंह शेरगिल हे हौशी पण असामान्य छायाचित्रकार होते. १८७० ते १९५४ या आयुष्यात त्यांनी स्वतःची, पत्नीची आणि दोन्ही मुलींची लाहोर, सिमला, बुडापेस्ट, पॅरिस येथे अखंड छायाचित्रे घेतली. ती कुटुंबातच राहिली आणि नातू विवान सुंदरम यांच्यापर्यंत आली. सुंदरम यांनी २००१च्या सुमारास संगणकावर त्यांचे थर एकमेकांत मिसळून ‘रीटेक ऑफ अमृता’ ही मालिका रचली. वेगवेगळ्या काळातले बाप आणि लेक एकाच आरशासमोर आले, जे कधी घडले नव्हते ते घडलेले दिसू लागले. कला म्हणून ते काम विलक्षण आहे, आणि ते काय आहे हे सुंदरम यांनी कधी लपवले नाही. शिवाय आजोबांची मूळ छायाचित्रे त्यांच्या ठायी अबाधित राहिली, म्हणूनच जोडकाम कोणते आणि मूळ कोणते हे आज सांगता येते.

घरगुती संग्रहात नेमके हेच होत नाही. हल्ली जुने चित्र यंत्राकडून रंगवून आणि चेहरा ‘स्पष्ट’ करून घेण्याची हौस आहे. पणजीच्या लुगड्याचा रंग यंत्र अंदाजाने ठरवते, डोळ्यांच्या जागी नवे डोळे काढते आणि ती प्रत कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावरून सर्वत्र जाते. दहा वर्षांनी मूळ कोणते हे सांगणारे कुणी नसले, तर त्या चेहऱ्याची अवस्था चिम यांच्या चित्रातल्या त्या बाईसारखी होते. त्यामुळे रंगवलेल्या प्रतीच्या नावातच तसे लिहून ठेवावे.

रॉय यांच्या निगेटिव्ह वाचताना एक सोय होती: त्यातली माणसे देशाला ठाऊक होती. नेहरू सिमल्यात केव्हा होते हे वर्तमानपत्रांच्या फायलींत सापडते. वाड्याच्या अंगणात रांगेने बसलेल्या अकरा बायकांपैकी तिसरी कोण, हे कोणत्याही फायलीत नसते. ते ठाऊक असते घरातल्या एखाद्या नव्वदीच्या आत्याला, आणि तिला काळ्याच्या जागी पांढरे दाखवणारी निगेटिव्ह ओळखू येत नाही. सुलट केलेली प्रतिमा मोठ्या पडद्यावर दिसली की मात्र नावे भराभर येतात, नात्यांसकट, आणि कोण कुणाशी बोलत नसे तेही येते. डिजिटायझेशनचा सर्वांत मोठा लाभ कदाचित हाच असावा. म्हणून पट्ट्यांचा पूर्ण संच स्कॅन होईपर्यंत थांबू नये. आधी साध्या मोबाइलने, खाली पांढरा उजेड ठेवून टिपलेल्या कामचलाऊ प्रती करून आत्याकडे जावे. उत्तम स्कॅन सहा महिन्यांनी झाले तरी चालतात.

ती सांगेल ते तिच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावे. नंतर प्रत्येक पट्टीला क्रमांक द्यावा, तोच क्रमांक फाइलच्या नावात यावा, तोच नव्या आम्लमुक्त कागदी पाकिटावर. पाकिटावर लिहायचे ते पट्टी आत घालण्यापूर्वी आणि मऊ पेन्सिलीने. शाई ओलीत पसरते.